सांध्यात पेरलेल्या पेशी

राहुरी तालुक्यात द्रवरूप नायट्रोजनची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. गाय माजावर आली की कृत्रिम रेतनासाठी डॉक्टर येतात. त्यांच्या मोटारसायकलला ॲल्युमिनियमचा गोल कॅन बांधलेला असतो. झाकण उघडले की पांढरी वाफ बाहेर पडते. आत उणे १९६ अंश सेल्सिअसला वळूच्या रेताच्या कांड्या गोठवून ठेवलेल्या असतात. होल्स्टिन फ्रिजियन, जर्सी आणि गीर या तीन जातींच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय तयार करणारे महात्मा फुले कृषी विद्यापीठ इथलेच. गोठवलेली पेशी कोमट पाण्यात उतरवली की पुन्हा जिवंत होते आणि तिच्यापासून कालवड जन्माला येते, हे इथल्या शेतकऱ्यांच्या दोन पिढ्यांनी स्वतःच्या गोठ्यात पाहिले आहे.

आता तशाच थंडीत ठेवलेल्या पेशी माणसाच्या गुडघ्यासाठीही येऊ लागल्या आहेत. बंगळुरूच्या ‘स्टेम्प्युटिक्स रिसर्च’ या कंपनीच्या ‘स्टेम्प्युसेल’ या औषधाला २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी भारताच्या औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली. मुंबईची ‘अल्केम लॅबोरेटरीज’ ते ‘स्टेमवन’ या नावाने बाजारात आणते. निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतून मेसेनकायमल प्रकारच्या स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, वेगळ्या काढतात, प्रयोगशाळेत वाढवतात, अनेक दात्यांच्या पेशी एकत्र करतात आणि गोठवतात. एका गुडघ्याला एकदाच इंजेक्शन, आणि त्यात अडीच कोटी पेशी.

अडीच कोटी हा आकडा ऐकला की मनात आशा उभी राहते. झिजलेली गादी भरून येईल, पुन्हा मांडी घालून पंगतीत बसता येईल, ही ती आशा. ती किती खरी आहे हे नीट, न घाबरवता आणि न भुलवता सांगितले पाहिजे असे मला वाटते. कारण राहुरीसारख्या भागात गुडघा हा म्हातारपणाचा किरकोळ तपशील नाही. तो रोजगार आहे.

मुळा धरणाची साठवण क्षमता २६ टीएमसी. त्या पाण्यावर कालव्याखालचा ऊस, कांदा, गहू आणि चारा उभा राहिला, आणि पाणी आले तसे काम वाढले. त्यातले बरेचसे काम उकिडवे बसून करायचे. खुरपणी उकिडवी. कांद्याची लागवड वाफ्यात वाकून, बसून, सरकत. कांदा काढणे आणि कापणेही बसूनच. ही कामे बहुतेक बायकांच्या वाट्याला येतात. दिवाळी झाली की पाथर्डी, शेवगाव आणि बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. तोडायचे वाकून, मोळी बांधायची बसून, आणि भरलेली मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. उकिडवे बसण्याने आणि ओझे उचलण्याने गुडघ्याची झीज वाढते, हे जगभरच्या अभ्यासांनी दाखवले आहे. बीजिंगमधल्या वृद्ध स्त्रियांच्या पाहणीत गुडघ्याची झीज अमेरिकी स्त्रियांपेक्षा जास्त आढळली, आणि तरुणपणी तासन् तास उकिडवे बसण्याशी तिचा संबंध दिसला. आपल्याकडे पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये भिगवणला गावपाहणी सुरू केली. घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांना विचारले, तेव्हा शंभरातल्या सुमारे अठरा जणांना सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे होते. देशातल्या शहरांत आणि खेड्यांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत गुडघ्याच्या झिजेचे प्रमाण २८.७ टक्के निघाले.

गावात याला ‘गादी झिजली’ म्हणतात, कुणी ‘वंगण संपलं’ म्हणतात, आणि एक्स-रे पाहून आलेला माणूस ‘गॅप कमी झालीय’ म्हणतो. तिन्हीत तथ्य आहे. हाडाच्या टोकावर दोन ते चार मिलिमीटर जाडीचा पांढराशुभ्र, गुळगुळीत थर असतो. ती कूर्चा. तिच्या वजनातले सत्तर टक्क्यांहून अधिक पाणी असते. कोलॅजेनच्या धाग्यांची जाळी आणि तिच्यात पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू, अशी तिची घडण. पाय टेकला की पाणी दाबले जाते, उचलला की परत शोषले जाते. या थरात जिवंत पेशी फारच थोड्या, आकारमानाच्या काही टक्केच. रक्तवाहिनी एकही नाही, मज्जातंतू एकही नाही. पोषण मिळते ते सांध्यातल्या पातळ द्रवातून, पाझरून.

रक्त नाही म्हणून दुरुस्तीचे साहित्य पोचत नाही. मज्जातंतू नाहीत म्हणून झीज सुरू झाल्याची वर्दी मिळत नाही. गुडघा दुखू लागतो तो खालचे हाड, आतले अस्तर आणि भोवतालचे स्नायू तक्रार करू लागतात तेव्हा. म्हणजे दुखणे उशिरा कळते, आणि तोवर गादीचे बरेच नुकसान झालेले असते. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे नोंदवून ठेवले की कूर्चा एकदा नष्ट झाली की भरून येत नाही. पुढची अडीचशे वर्षे वैद्यकाला त्यापलीकडे फारसे जाता आले नाही. हाडाला बारीक छिद्रे पाडून मज्जेतले रक्त वर आणायची युक्ती निघाली. पण त्यातून जो थर तयार होतो तो व्रणासारखा धागेदार असतो. मूळ कूर्चेइतका भार तो सोसत नाही.

पहिले खरे खिंडार पडले स्वीडनमध्ये. गोथेनबर्गचे मॅट्स ब्रिटबर्ग, लार्स पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये २३ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. रुग्णाच्याच गुडघ्याच्या कमी भाराच्या कडेवरून कूर्चेचा छोटा तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी काही आठवडे वाढवायच्या आणि खड्डा पडलेल्या जागी शस्त्रक्रियेने बसवायच्या. या पेशी मूलपेशी नव्हत्या. त्या पक्व कूर्चापेशीच होत्या, फक्त संख्येने वाढवलेल्या. ही पद्धत पुढे स्थिरावली. अमेरिकेत तिच्या सुधारित रूपाला २०१६ च्या अखेरीस मान्यता मिळाली. भारतात २०१७ मध्ये ‘कार्टिग्रो’ या उत्पादनाला परवानगी मिळाली, आणि ते तयार करणारी ‘रिग्रो बायोसायन्सेस’ ही कंपनी पेशी वाढवते आपल्या लोणावळ्यात. पुण्या-मुंबईला जाता-येता जिथे आपण चिक्कीसाठी थांबतो, त्याच गावात गुडघ्याची कूर्चा वाढवली जाते, हे मला फार मोलाचे वाटते.

ही पद्धत नेमकी कुणासाठी आहे हे मात्र ठसठशीत सांगायला हवे. कबड्डीत, अपघातात, तरुण वयात कूर्चेला एका जागी खड्डा पडला आणि आजूबाजूची कूर्चा धड असली, तर तिचा उपयोग होतो. साठीच्या बाईचा गुडघा सगळीकडूनच पातळ झालेला असतो. तिथे पेशींना धरून ठेवणारे काठच उरलेले नसतात. कूर्चापेशी बसवणे आणि मूलपेशींचे इंजेक्शन या दोन्ही उपचारांना जाहिरातीत ‘कूर्चा नव्याने तयार करणे’ असे एकच नाव दिले जाते, आणि गफलतीची सुरुवात इथेच होते.

मूलपेशींची गोष्ट वेगळी आहे. ‘मेसेनकायमल स्टेम सेल’ हे नाव १९९१ मध्ये अमेरिकेच्या आर्नल्ड कॅप्लन यांनी रूढ केले. प्रयोगशाळेतल्या बशीत योग्य खुराक दिला तर या पेशींपासून हाड बनते, चरबी बनते, कूर्चाही बनते. साहजिकच कल्पना निघाली की सांध्यात सोडल्या तर त्या झिजल्या जागी चिकटतील आणि कूर्चा होतील. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मात्र सोडलेल्या पेशी काही आठवड्यांतच दिसेनाशा झाल्या. तरीही सूज कमी झाली, दुखणे घटले. याचा अर्थ, त्या स्वतः गादी होत नव्हत्या. त्या जिवंत असेतो अशी रसायने सोडत होत्या की सांध्यातली आग शमत होती. खुद्द कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये लेख लिहून सुचवले की ‘स्टेम सेल’ हे नाव आता सोडावे आणि औषधी संदेश देणाऱ्या पेशी असे काहीतरी म्हणावे. आपणच दिलेले नाव रुग्णांची दिशाभूल करते आहे असे दिसताच ते मागे घ्या म्हणून सांगणारा शास्त्रज्ञ मला या सगळ्या कथेत सर्वात आदरणीय वाटतो.

आता आपल्या देशी औषधाचा पुरावा पाहू. स्टेम्प्युसेलची तिसऱ्या टप्प्याची चाचणी भारतात १४६ रुग्णांवर झाली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. झीज दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीची, म्हणजे मध्यम. निम्म्यांना पेशी, निम्म्यांना पेशी नसलेले इंजेक्शन, आणि दोन्हीसोबत सांध्यातल्या वंगणासारखे हायल्युरॉनिक ॲसिड. वर्षभर पाठपुरावा झाला. पेशी मिळालेल्यांचे दुखणे, आखडलेपण आणि हालचाल यांत लक्षणीय जास्त सुधारणा झाली. एमआरआयच्या खास तपासणीत दुसऱ्या गटातली कूर्चा हळूहळू खालावताना दिसली, पेशी मिळालेल्यांची खालावली नाही. कूर्चेचे आकारमान मात्र लक्षणीय वाढले नाही. हे वाक्य इंजेक्शन घेण्याआधी प्रत्येक रुग्णाला त्याच्या भाषेत वाचून दाखवले पाहिजे. दुखणे कमी होऊ शकते, झीज काही काळ थोपू शकते, पण नवी गादी येत नाही. आणि चौथ्या श्रेणीचा, हाडाला हाड घासणारा गुडघा या चाचणीत नव्हताच.

ही चाचणी कंपनीची होती. त्यात वावगे काही नाही, औषधे अशीच तपासली जातात. पण त्याच वर्षी अमेरिकेतून दुसरा निकाल आला, तो शेजारी ठेवून पाहायला हवा. ४७५ रुग्ण, चार गट. एका गटाला स्वतःच्या मज्जेतला घट्ट केलेला अंश, दुसऱ्याला स्वतःच्या चरबीतून काढलेल्या पेशी, तिसऱ्याला नाळेतून मिळवलेल्या मूलपेशी आणि चौथ्याला साधे स्टेरॉइडचे इंजेक्शन. वर्षाअखेर पेशींचा एकही गट स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. सगळ्यांचेच दुखणे कमी झाले होते. गुडघ्याचे दुखणे चढउताराचे असते. माणूस बहुधा ते शिगेला असताना दवाखान्यात जातो, आणि नुसत्या मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शननेही अनेकांना बरे वाटते. म्हणून ‘आमच्या पाहुण्यांना गुण आला’ हे खरे असले तरी तो गुण पेशींचाच होता हे त्यातून ठरत नाही. सगळ्या चाचण्या एकत्र मांडणाऱ्या कॉक्रेन समूहाच्या २०२५ च्या आढाव्याने काढलेला निष्कर्षही असाच बेताचा आहे. दुखणे आणि हालचाल यांत किंचित फायदा होत असावा, पण खात्री कमी.

स्टेरॉइडची बाजू घेण्यासाठी मी हे सांगत नाही. दर तीन महिन्यांनी, दोन वर्षे स्टेरॉइड टोचलेल्या गुडघ्यांतली कूर्चा मिठाचे पाणी दिलेल्यांपेक्षा जास्त झिजली, हे २०१७ च्या एका अमेरिकी चाचणीत दिसले आहे. ‘पाणी काढून सुई मारून घेतली की सीझन निघतो’ असा हिशेब तोडणीच्या हंगामात होत असतो. तो हिशेब पुढच्या सीझनच्या गुडघ्यातून वळता होतो.

मला खरी काळजी वाटते ती परवानगी मिळालेल्या औषधाच्या आडोशाने उभ्या राहिलेल्या बाजाराची. स्वतःच्या रक्तातून प्लेटलेट्स काढून टोचणे म्हणजे पीआरपी. तो स्टेम सेलचा उपचार नाही, पण त्या नावाने तो सांगितला जातो. पोटाची चरबी काढून, तासाभरात घुसळून, त्यातला अंश गुडघ्यात सोडला जातो. अलीकडे पेशीही नकोत, पेशींनी सोडलेले सूक्ष्म कण, एक्सोझोम, बाटलीत मिळू लागले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१३ मध्ये आपल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या नावातून ‘उपचार’ हा शब्दच काढून टाकला आणि फक्त ‘संशोधन’ ठेवला. २०१७ ची तत्त्वे म्हणतात की रक्ताच्या ठरावीक आजारांतले रक्तपेशी-प्रत्यारोपण सोडले तर मूलपेशींचा वापर मान्यता घेतलेल्या चाचणीतच व्हावा, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. २०१९ च्या औषध व चाचणी नियमांनुसार पेशींपासून बनवलेले उत्पादन हे नवे औषधच धरले जाते. म्हणजे आधी चाचणी, मग परवाना, मग विक्री. जादूटोण्यासारख्या औषधांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा १९५४ चा कायदाही आहे, आणि त्याच्या यादीत संधिवात आहे. कायद्यांची वाण नाही. रुग्णाच्या हातात त्यांचे काही पोचत नाही, ही उणीव आहे.

पण राहुरीच्या माणसाला हे काही नवे शिकवायचे नाही. इथला शेतकरी बियाणे कसे घेतो ते पाहा. विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राने ‘फुले २६५’ हा ऊस दिला, तो एका शेतातला जोमदार फड पाहून दिला नाही. आधी केंद्रावर चाचणी, मग वेगवेगळ्या जमिनींत आणि हंगामांत चाचण्या, शेजारी जुने वाण तुलनेला, मग शेतकऱ्यांच्या शेतावर. त्यानंतर राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त समितीपुढे आकडे ठेवायचे, आणि मग प्रसारण. पिशवी घेताना शेतकरी निळी चिठ्ठी पाहतो, कारण निळी चिठ्ठी म्हणजे प्रमाणित बियाणे. पिशवीवर लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी, तपासणीची तारीख असते. पावती तो जपून ठेवतो. उगवले नाही तर तालुक्याला तक्रार करतो, समिती शेतावर येते, पंचनामा होतो.

गुडघ्यात जे टोचले जाणार आहे तेही पेशींचे बियाणेच आहे, आणि त्याला हाच मापदंड लावायचा हक्क प्रत्येकाला आहे. बाटली दाखवा. परवाना क्रमांक कुठे आहे? बॅच क्रमांक? पेशी किती, त्यांपैकी जिवंत किती टक्के? कुणाच्या आहेत, कुठे वाढवल्या? शेजारी कोणते जुने वाण लावून पाहिले, म्हणजे कशाशी तुलना झाली? बिलावर औषधाचे नाव लिहून मिळेल का? माझा गुडघा कोणत्या श्रेणीचा आहे, आणि त्या श्रेणीवर चाचणी झाली आहे का? उपचार चाचणीचा भाग असेल तर सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीतला त्याचा क्रमांक सांगा. ही नोंदवही २००७ पासून चालू आहे, २००९ पासून नोंद सक्तीची आहे, आणि मोबाइलवर कुणालाही उघडून पाहता येते. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाही. जो दुखावतो त्याच्याकडून उठून यावे, एवढे मी ठामपणे म्हणेन.

यात एक अडचण आहे. बियाणे फसले तर फड उघडा दिसतो. गुडघा फसला तर तो दिसत नाही. रुग्णाला वाटते आपलेच नशीब, आपलेच वय. तो तक्रार करत नाही, आणि उसाच्या बिलातले किंवा गाय विकून आलेले पैसे गेले ते गेले.

मग करायचे काय? ज्याचा गुडघा पार गेला आहे, त्याच्यासाठी सांधा बदलणे हा आजही सर्वात भरवशाचा उपाय आहे. केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची मर्यादा तेव्हा ५४,७२० रुपये ठरली, कर वेगळा. दवाखान्याचा खर्च त्यावर येतो, पण पूर्वी एकट्या सांध्याचेच दीड लाखाच्या वर होत असत. पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी मांडी घालून बसणाऱ्या आपल्या माणसांचा विचार करून ‘इंडस’ हा भारतीय गुडघा घडवला, तो याच प्रांतातला. बदललेले शंभरातले सुमारे ८२ गुडघे पंचवीस वर्षे टिकतात, असा २०१९ चा मोठा आढावा सांगतो.

त्याआधीच्या टप्प्यावर मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम आहे. खुर्चीवर किंवा ओट्यावर बसून पाय सरळ करायचा, धरायचा, सोडायचा. औषधाच्या दुकानात तो मिळत नाही म्हणून त्याची किंमत वाटत नाही. पण त्याच्यामागचा पुरावा कोणत्याही पेशीच्या इंजेक्शनपेक्षा भक्कम आहे. वजन जास्त असेल तर एक किलो घटले की पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी घटतो. तोडणीवाल्या बाईला मात्र वजन कमी करा असे सांगणे व्यर्थ आहे. तिच्या अंगावर वजन नाही. तिला पोटभर डाळ-भाकरी, मोळीचे ओझे हलके करणारी व्यवस्था, ट्रकला फळीऐवजी धड जिना आणि दुखले तर चार दिवस बसायची मुभा हवी आहे. खुरपणीला लांब दांड्याचे कोळपे निघाले आहेत. मजुरीचा करार करताना त्यांचा हट्ट कुणी धरत नाही. तो धरायला हवा.

चाचण्यांबद्दल एक गोष्ट मला खटकते. गुडघ्याचे दुखणे मोजायला जगभर ‘वोमॅक’ नावाची २४ प्रश्नांची यादी वापरतात. जिना चढता येतो का, मोटारीत बसता-उतरता येते का, बाथटबमध्ये शिरता येते का, मोजे घालता येतात का, असे तिचे प्रश्न. उकिडवे बसणे त्यात नाही. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने तिची आपल्याकडच्या राहणीला जुळणारी आवृत्ती तयार केली आणि आपल्या चाचण्यांत वापरली, हे मोठे काम आहे. पण पेशींच्या औषधाने वोमॅकचे गुण सुधारले असे वाचताना राहुरीच्या वाचकाला पडणारा प्रश्न तसाच राहतो. ही सुधारणा वाफ्यात बसून दिवसभर कांदा लावण्यापुरती आहे की जिन्यापुरती? पेशींनी शांत केलेला सांधा पुन्हा मोळीखाली गेला तर किती महिने शांत राहतो?

याचे उत्तर शोधायला जागा दूर नाही. लोणीला प्रवरेचे वैद्यकीय विद्यापीठ आणि रुग्णालय आहे. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि दर वर्षी गळीत सुरू होताना हजारो कोयते याच जिल्ह्यात उतरतात, चार-पाच महिने एकाच प्रकारचे काम करतात आणि परत जातात. हंगामाच्या आधी गुडघे तपासावेत, संपल्यावर पुन्हा तपासावेत, निम्म्यांना व्यायाम आणि हलकी मोळी द्यावी, आणि पेशींच्या औषधाची पुढची चाचणी निघेल तेव्हा तीत या बायकांना त्यांच्या संमतीने, विनामूल्य आणि विम्यासह जागा द्यावी. तोवर स्टेमवनच्या कागदावर ‘दुसरी व तिसरी श्रेणी’ असे लिहिले आहे, ते औषध लिहून देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही वाचावे.